पुनरार्तवदर्शन

ज्या विषयावर घरातील पुरुषांनी बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे, त्याच विषयावर एका निवृत्त शाळामास्तराने, तेही साठी ओलांडल्यावर, लेखणी उचलावी हे काही वाचकांस विचित्र वाटेल. मलाही वाटते. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, १९७३ सालचा. पुढे काही वर्षे कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत काव्य-व्याकरण घोटले आणि मग पस्तीस वर्षे तालुक्याच्या शाळेत मुलांकडून विभक्ती पाठ करून घेतल्या. वैद्यकाचा मला अधिकार नाही. परंतु ज्या गोष्टीविषयी मी एकदा मौन धरले व ज्या मौनाची किंमत आमच्या घराने दिली, तिच्याविषयी दुसऱ्यांदाही मौनच धरावे हे मनाला पटेना, म्हणून हा प्रपंच.

गेल्या भोगीची, म्हणजे १३ जानेवारी २०२५ ची गोष्ट. आमचे घर अद्यापि एकत्र आहे. मी व सौभाग्यवती, माझ्याहून अकरा वर्षांनी वडील असलेली विधवा बहीण, जिला सारे घर अक्का म्हणते, थोरला मुलगा, त्याची पत्नी व दोन मुले, आणि धाकटा व त्याची पत्नी. धाकट्या सूनबाईस आदल्या श्रावणात कन्यारत्न झाले. पहिलटकरीण म्हणून बाळंतपण माहेरी झाले, बारसेही तिकडेच, आणि कार्तिकात मायलेकी घरी आल्या. उद्या संक्रांत, म्हणून नातीच्या पहिल्या बोरन्हाणाची सिद्धता चालली होती. हलव्याचे दागिने येऊन पडले होते, अक्कांनी बोरे, ऊस, हरभऱ्याचे घाटे निवडून ठेवले होते, आणि स्वयंपाकघरात भोगीची भाजी शिजत होती. इतक्यात सूनबाई न्हाणीघरातून आली ती तोंड उतरवून. सासूच्या कानाशी काही बोलली. पाच महिने पुरे झाले होते. पाळी परत आली होती.

आमच्या घरी बाहेर बसणे बंद होऊन आता तीस-पस्तीस वर्षे लोटली. तथापि देवघराचा उंबरठा अक्कांनी आपल्यापुरता अजून राखला आहे व आम्हीही तो मोडीत नाही. म्हणून अक्का आता सोवळ्याओवळ्याविषयी काही बोलतील अशी माझी अटकळ होती. त्या बोलल्या ते निराळेच. "आता चार दिवस पोरीला अंगावर घेऊ नकोस. विटाळाचं दूध नासतं. आणि एकदा का पाळी सुरू झाली की दूध आटायला लागतंच. नाहीतरी महिनाअखेर कचेरीत जायचंय ना? मग आत्ताच तोड."

अक्का दुष्ट नव्हेत, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. घरातील प्रत्येक मूल त्यांच्या मांडीवर वाढले. सूनबाई घरी आल्यापासून तिला रात्रीची झोप मिळावी म्हणून मूल आपल्या खोलीत घेऊन, उठून उठून त्याला डब्यातल्या दुधाची बाटली त्याच देत होत्या. आणि त्या सकाळी दैवानेही त्यांचीच बाजू घेतली. मूल आईजवळ नेले तर ते दोन घोट घेई, तोंड सोडी व रडू लागे. "बघ, पोरीलाही कळतंय," अक्का म्हणाल्या. सूनबाई एवढी शिकलेली, परंतु तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने हातातल्या दूरध्वनीवर शोध केला होता, तिथेही एक म्हणते पाजा, दुसरा म्हणतो बंद करा. ती मूल घेऊन खोलीत गेली व दार लोटून घेतले.

मी सोप्यात वृत्तपत्र धरून बसलो होतो. अर्थात वाचीत नव्हतो. सौभाग्यवती बाहेर आली, पुढ्यात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या त्या पोथ्यांत काय लिहिलंय ते एकदा बघा तरी. त्या वेळी नाही पाहिलंत."

त्या वेळी म्हणजे कोणत्या वेळी हे तिला सांगावे लागले नाही, मला विचारावे लागले नाही.

आमचा थोरला मुलगा मार्च १९८५ चा. सौभाग्यवतीला दूध भरपूर होते. मूल अंगावर चांगले पोसले होते, आणि बाळंतपणानंतर तिचा मासिक ऋतू परत आला नव्हता. आमच्या मातुःश्री म्हणत, अंगावर पितंय तोवर काळजी नाही. कसली काळजी नाही, हे उघड बोलण्याची रीत नव्हती, परंतु आम्हा दोघांस ते समजले होते व सोयीचेही होते. माझ्या शाळेच्या भिंतीवर तेव्हा कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण रंगवलेला असे. त्याखालून मी रोज आत-बाहेर करीत असे. एवढेच नव्हे, तर त्या वर्षीच्या पावसाळ्यात आरोग्यकेंद्राची नर्सबाई मुलाला लस टोचण्याच्या निमित्ताने घरी आली असता निघताना मला म्हणाली, "गुरुजी, बाईंना थोडं सांगायचं होतं, आणि तुम्हालाही. पाजत्या बाईला पाळी नसली तरी दिवस जाऊ शकतात." सोप्यावर वडीलमंडळी बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी हातानेच 'पुरे, पुरे' अशी खूण केली. ती बिचारी पिशवी उचलून पुढच्या घरी गेली. तिचा तो हिरमुसला चेहरा मला आजही दिसतो.

सहा महिन्यांनंतर मुलाला पेज, नाचणीचे सत्त्व, वरणाचे पाणी सुरू झाले. दिवाळीच्या कामांत दिवसाचे पाजणे कमी झाले, आणि रात्री मूल आजीजवळ निजू लागले. जानेवारी १९८६ मध्ये सौभाग्यवतीला फोडणीचा वास नकोसा झाला. आई म्हणाल्या पित्त. चार दिवस आमसुलाचे सार झाले. पाळी आलेलीच नव्हती, तेव्हा ती चुकली असे तरी कसे कळावे? पोट दिसू लागले तेव्हा ध्यानात आले, आणि डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली ती मुलाच्या जन्मापूर्वीची निघाली. म्हणजे किती महिने भरले याचा सारा हिशेब अंदाजाचा.

ज्या दिवशी हे कळले त्याच दिवशी आईंनी मुलाचे दूध तोडले. गरोदरीचे दूध मुलास बाधते ही समजूत. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मूल तोंड लावी, कडू लागताच दचकून आईकडे पाही, आणि पुन्हा तोंड लावी. तीन रात्री ते रडले, चौथ्या रात्री गप्प झाले. पुढे त्याला हगवण लागली. त्याचे हातपाय काड्यांसारखे झाले, पोट पुढे आले, केस भुरे दिसू लागले. शेजारणी म्हणत, पोटातले पहिल्याला ओढते आहे. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की सिसिली विल्यम्स नावाच्या एका डॉक्टरीणबाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट प्रांतात, म्हणजे आजच्या घानात, हाच प्रकार पाहिला व तिथल्याच गा भाषेतला 'क्वाशिओरकोर' हा शब्द जगाच्या वैद्यकात आणला. दुसरे मूल आल्यामुळे आईच्या अंगावरून उतरवलेल्या पहिल्या मुलाचा रोग, असा त्याचा भाव. ओढणारे पोटातले मूल नव्हे. दूध तुटले आणि त्याच्या जागी पुरेसे सकस अन्न आले नाही, हे कारण. माधवनिदानात 'पारिगर्भिक' म्हणून बालरोग सांगितला आहे तोही याच्या जवळचा वाटतो. दोन खंडांतील आयांनी एकच दुःख पाहून त्याला दोन नावे दिली.

मे महिना संपता संपता, दिवस भरण्यापूर्वीच, मुलगी झाली. अगदी लहान, वीतभर. नऊ दिवस राहिली. बारावा दिवस आलाच नाही, म्हणून तिचे नाव ठेवले गेले नाही. दोन प्रसूतींमध्ये पुरते पंधरा महिनेही नव्हते. प्रसूतीनंतर निदान चोवीस महिने तरी पुन्हा दिवस राहू नयेत, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी सौभाग्यवतीला त्या वेळी आत्म्याच्या अविनाशित्वावर काही श्लोक ऐकवले. तिने ऐकून घेतले. त्यानंतर आम्ही दोघे त्या मुलीविषयी कधीही बोललो नाही. थोरला गणपतीपर्यंत सावरला, पाच वर्षांनी धाकटा झाला, आणि संसार पुढे चालला.

असो. भोगीच्या दुपारी मी कपाटातून सुश्रुतसंहिता काढली. शारीरस्थान मी पूर्वी वाचले होते, परंतु ते समास सोडविण्यासाठी. त्यात आपल्या घरातल्या बायकोविषयी काही लिहिले आहे असे समजून नव्हे. चौथ्या अध्यायात सुश्रुत सांगतो की गर्भ राहिला म्हणजे आर्तवाचे मार्ग अडतात. ते खाली अडले की वर येऊन त्याची वार बनते व उरलेले आणखी वर चढून स्तनांकडे जाते. आजच्या शारीरशास्त्राने हे मान्य केलेले नाही. रक्ताचे दूध होत नाही. परंतु दूध व ऋतू यांचा परस्परांशी काही संबंध आहे, एक चालू असता दुसरा थांबतो, हे निरीक्षण खरे आहे, आणि चरकानेही स्तन्य व रज ही दोन्ही एकाच रसधातूपासून होतात असे म्हटले आहे. दहाव्या अध्यायात तर माझे बोट एका शब्दाशी थबकले. बाळंतिणीला सूतिका किती काळ म्हणावे? दीड महिना, असे सुश्रुत म्हणतो. आणि लगेच जोडतो की पुन्हा आर्तव दिसेपर्यंत, असे काहींचे मत आहे. तोच शब्द मी या लेखाच्या शिरोभागी ठेवला आहे. म्हणजे ऋतू परत येणे ही काही लाजिरवाणी वा अशुभ वार्ता नव्हे. बाळंतपण संपले, शरीर पूर्वपदावर आले, एवढाच त्याचा अर्थ त्या मंडळींनी घेतला.

त्याच अध्यायात कोणत्या स्त्रीचे दूध मुलास देऊ नये याची यादी आहे. भुकेली, शोकाने व्याकूळ, दमलेली, धातू दूषित झालेली, गर्भिणी, ज्वर आलेली, फार कृश, फार स्थूल, अपचन झालेली, विरुद्ध आहार घेतलेली. मी यादी तीन वेळा वाचली. रजस्वला तीत नाही. मग मी तैत्तिरीय संहिता उघडली, कारण रजस्वलेचे नियम म्हणून जे काही आपल्याकडे चालत आले त्यांचे मूळ तेथे दाखवतात. स्नान करू नये, डोळ्यांत अंजन घालू नये, केस विंचरू नयेत, नखे काढू नयेत, सूत कातू नये, दोरी वळू नये. ते नियम आज कोणी पाळावेत असे माझे म्हणणे नाही, आणि सुश्रुताचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असेही नाही. गर्भिणीच्या दुधाविषयीचे त्याचे मत आजचे डॉक्टर सरसकट मानीत नाहीत. परंतु त्या एवढ्या निषेधांतही पोराला पाजू नये हा निषेध नाही, हे मात्र मला अक्कांपुढे ठेवता आले असते.

ठेवलेही. पोथी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. त्या माळ ओढीत होत्या. यादी ऐकून म्हणाल्या, "तुझ्या सुश्रुताला किती पोरं झाली होती रे?" यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी पोथी मिटली आणि सहज विचारले, "अक्का, आपली आई बाहेर बसायची तेव्हा अंगावरचं मूल कुठं असायचं?"

त्या थांबल्या. आमच्या जुन्या घरी परसात एक खोपी होती. महिन्यातले तीन दिवस आई तेथे असे. अक्कांची दृष्टी त्या खोपीकडे गेली असावी. "अंगावरचं मूल आईजवळच. त्याला कपडा नसला की विटाळ लागत नाही म्हणत. मीच नागडं करून नेऊन द्यायची, पाजून झालं की आई खाली ठेवायची, मग मी उचलायची." आणि जरा वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मेल्या, ते नागडं म्हणजे तूच की. वर्षाचा होतास."

मी हसलो, त्याही हसल्या. तात्पर्य शोधून सांगण्याची गरज उरली नाही. विटाळाचे दूध पिऊन मी अडुसष्ट वर्षांचा त्यांच्यापुढे बसलो होतो. "पण आटतं मात्र," त्या पुन्हा म्हणाल्या. हार पुरती मान्य करणे हे आमच्या घराण्यात कोणासच साधलेले नाही.

सायंकाळी सूनबाईला स्त्रियांच्या डॉक्टरांकडे नेले. ही डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी. आठवीत संस्कृतात पैकीच्या पैकी गुण मिळवीत असे. मूल घेऊन अक्का आल्या, सौभाग्यवती आली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. पाच मिनिटांनी दार उघडून ती म्हणाली, "सर, तुम्हीही आत या. घरात सगळ्यांनाच ठाऊक असायला हवं." चाळीस वर्षांपूर्वी हातवाऱ्याने थांबवलेले ते बोलणे पुन्हा दारात येऊन उभे राहिले असे मला वाटले. या खेपेस मी आत गेलो.

तिने सांगितले ते मला समजले तसे लिहितो. मूल अंगावर ओढते तेव्हा तेथील नसांची संवेदना मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्राकडे जाते. त्या केंद्रातून एरवी ठराविक अंतराने ठोके पडावेत तसे संकेत पीयूषिका ग्रंथीकडे जात असतात, आणि त्यांमुळे महिन्याचे महिन्यास स्त्रीबीज पक्व होते. वारंवारच्या ओढण्याने ती लय मोडते, बीज पक्व होत नाही, म्हणून ऋतूही येत नाही. त्याच वेळी प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो व दूध तयार होते. तो रात्री अधिक असतो. म्हणून सारे अवलंबून आहे ते मूल किती वेळा, किती थोड्या अंतराने आणि रात्री पिते की नाही यावर. आईच्या अंगावर दूध आहे एवढ्यावर नव्हे. कलहारीच्या वाळवंटात भटकणाऱ्या कुंग लोकांच्या बायका मूल दिवसभर कडेवर बाळगून ताशी कितीतरी वेळा थोडे थोडे पाजीत. तेथील दोन मुलांतील अंतर सरासरी ४४ महिने असे, हे दोघा संशोधकांनी १९८० साली नोंदविले आहे. आमच्या आईची सहा मुले अडीच-तीन वर्षांच्या अंतराने झाली, त्याचेही इंगित हेच असावे. तिच्या कुशीतून मूल रात्री कधी हलले नाही आणि डब्यातले दूध घरात आले नाही. तिचे म्हणणे तिच्यापुरते बरेचसे खरे होते. तिने ते सुनेला सांगितले, आणि त्याच वेळी सुनेचे मूल रात्री आपल्या अंथरुणात घेतले. दोन्ही मायेनेच केले.

"रात्री किती वेळा पाजता?" डॉक्टरने सूनबाईला विचारले. ती काही बोलेना. अक्काच म्हणाल्या, "रात्रीचं मी देते. बाटली." डॉक्टर शहाणी मुलगी, ती लगेच म्हणाली, "आजी, त्यामुळेच आली असं नाही. दिवसरात्र नुसतं अंगावर पाजणाऱ्या बाईलाही कधी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते, कुणाला वर्ष-दीड वर्ष येत नाही. त्यात कुणाचा दोष नसतो." अक्कांचा चेहरा थोडा सैल झाला.

दुधाविषयी तिने निक्षून सांगितले की पाळीत ते नासत नाही, विषारी होत नाही, बंद करण्याचे काहीच कारण नाही. पाळीच्या सुमारास एखाद-दुसरा दिवस दूध किंचित कमी येते, आणि त्यातील क्षारांचे प्रमाण थोडे बदलून चव जराशी खारट लागू शकते. म्हणून काही मुले कुरकुरतात. त्यांना पुनःपुन्हा जवळ घ्यावे, दोन दिवसांत पूर्ववत होते. अशा वेळी बाटली पुढे केली तर मात्र दूध खरोखरीच आटते, कारण ओढले जाईल तेवढेच तयार होते. अक्कांनी जे पाहिले होते ते खोटे नव्हते. त्यांनी कार्याला कारण मानले होते, एवढेच. सहा महिने निव्वळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मग वरच्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षे वा अधिकही अंगावर पाजावे, असे ती म्हणाली. कचेरीत जाऊ लागल्यावर दूध काढून कसे ठेवावे हेही तिने समजावले. ती माहिती सूनबाईने टिपून घेतली. माझ्या ती ध्यानात राहिली नाही.

माहेरी असताना सातव्या आठवड्यात थोडे रक्त दिसले होते, तेव्हा विहीणबाई घाबरल्या होत्या, असे सूनबाईने सांगितले. निव्वळ अंगावर पाजणाऱ्या बाईला छप्पन्न दिवसांच्या आत असे दिसले तर ती पाळी धरीत नाहीत, असे उत्तर मिळाले.

मग ती मुख्य गोष्टीकडे वळली. इटलीत बेलाजिओ म्हणून गाव आहे. तेथे १९८८ साली या विषयाच्या जाणत्यांची बैठक होऊन एक निर्णय झाला. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे; ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच पीत असावे; आणि आईची पाळी परत आलेली नसावी. या तिन्ही अटी एकत्र असतील तर पुन्हा दिवस न राहण्याची शाश्वती शेकडा ९८ हून अधिक. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह जगातील सात केंद्रांत चार हजारांहून अधिक मायलेकरांची पाहणी केली व १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. तिनेही हेच दाखवले. परंतु तिन्हींपैकी एक अट सुटली की दुसरा उपाय योजलाच पाहिजे. "आणि सर, पाळी येण्याची वाट पाहत बसायचं नाही. बीज आधी तयार होतं, पाळी त्यानंतर. पहिल्या पाळीच्या आधीच दिवस गेले तर पाळी दिसतच नाही."

मी सौभाग्यवतीकडे पाहिले नाही. मनातल्या मनात हिशेब चालला होता. मूल सहा महिन्यांचे? नव्हते, सहा महिने उलटून गेले होते. निव्वळ अंगावर? नव्हते, पेज-सत्त्व चालू होते आणि रात्री आजीजवळ. पाळी बंद? होय. तिघांतील एका अटीच्या बळावर आम्ही निर्धास्त होतो. क्षणभर मनात आले की ती बैठक १९८८ ची आणि आमची मुलगी १९८६ ची. आमच्या वेळी हे कोणास ठाऊक होते? परंतु हा बचाव टिकत नाही. बेलाजिओ दूर असेल. नर्सबाई १९८५ च्या पावसाळ्यात आमच्या दारात उभी होती, आणि तिला जे सांगावयाचे होते ते एका वाक्यात मावत होते.

सूनबाईच्या पुढील उपायांविषयी डॉक्टरने तिच्याशी एकटीशी बोलणे केले, दुसऱ्या दिवशी धाकट्यालाही बोलावून घेतले. पाजणाऱ्या बाईला चालतील असे तांबी व इतरही मार्ग आहेत, एवढेच मला कळले. त्यापलीकडचा संवाद मजसमोर झाला नाही व व्हावयासही नको होता. घरातील वडिलांनी सर्व जाणावे याचा अर्थ सर्व चौकशा कराव्यात असा नव्हे.

घरी परतताना रिक्षात अक्का गप्प होत्या. रात्री त्यांच्या खोलीतले पाळण्याचे सामान त्यांनी आपल्या हातांनी सूनबाईच्या खोलीत नेऊन ठेवले. "रात्री उठायला झालं नाही तर हाक मार. मूल उचलून तुझ्या कुशीत देईन," एवढेच म्हणाल्या. ती हाक पुढे अनेक रात्री ऐकू आली, आणि अक्कांची काठीही. नात दोन दिवस कुरकुरली, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखी पिऊ लागली.

संक्रांतीला बोरन्हाण झाले. आई मूल मांडीवर घेऊन पाटावर बसली. अक्कांनीच तिला बसविले. देवघराचा उंबरठा राहिला आपल्या जागी, पाट मांडला होता सोप्यात. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घातलेली ती पोर डोक्यावरून पडणाऱ्या बोरांकडे मोठ्या गंभीर मुद्रेने पाहत होती आणि आजूबाजूची मुले बोरे-चुरमुरे वेचण्यात गर्क होती.

हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर मी सोप्यात पडलो होतो. आतल्या खोलीत सूनबाई मुलीला पाजीत होती व सौभाग्यवती जवळ बसून हलव्याचे दागिने उतरवून डब्यात ठेवीत होती. दार अर्धवट उघडे होते. तिने सुनेला १९८६ ची हकिकत सांगण्यास आरंभ केला. पाल्याचे सांगितले, थोरल्याच्या काड्यांसारख्या हातांचे सांगितले, त्या नऊ दिवसांचे सांगितले. मजविषयी एकही वाकडा शब्द तिने काढला नाही. ते ऐकणे मला अधिक जड गेले. मग सूनबाईने विचारले, "आई, तिचं नाव?"

"ठेवायचं राहिलं. पण मी मनात ठरवलं होतं," सौभाग्यवती म्हणाली, आणि तिने ते नाव सांगितले.

अडतीस वर्षांत ते मी प्रथमच ऐकले.